लिलाव-हिशेबातले इन्व्हेरियंट : प्रकल्प नोंदी, जून-जुलै २०२४

ठिकाण : मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी.
काम : एका मच्छीमार सहकारी संस्थेचा लिलाव-हिशेबाचा चालू जावा प्रोग्रॅम. त्यातले इन्व्हेरियंट, म्हणजे कायम खऱ्या राहायलाच हव्यात अशा अटी, लिहून तपासायच्या. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. बोटी किनाऱ्याला, काटा बंद. कोड उघडून ठेवायला वर्षातली हीच सोयीची वेळ.
हत्यारे : जावा १७, अटी लिहायला जेएमएल (जावाच्या कॉमेंटमध्ये अटी लिहायची भाषा), त्या तपासायला ओपनजेएमएल (कोड न चालवताही अटी सिद्ध करून बघणारा प्रूव्हर) आणि त्यामागे झेड३ सॉल्व्हर (तर्काची सूत्रे सोडवणारा प्रोग्रॅम). दोन ऑब्जेक्टांमधल्या अटीसाठी डॅफ्नी, म्हणजे स्वतःचा प्रूव्हर असलेली वेगळी भाषा.
कोडच्या ओळी इथे देवनागरीत उतरवल्या आहेत. फायलींत त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीत आहेत.

३ जून

व्याप्ती ठरवली. सगळा प्रोग्रॅम सिद्ध करत बसायचे नाही. वजन आणि पैसा जिथे हलतो ते चारच क्लास (कोडचे साचे; त्यांतून ऑब्जेक्ट बनतात, आतली माहिती म्हणजे फील्ड, आतली कामे म्हणजे मेथड) घ्यायचे : लॉट, विक्री, बोटखाते, दिनवही. स्क्रीन, छपाई, एसएमएस यांना हात लावायचा नाही.

लॉट म्हणजे एका बोटीचा एका जातीचा माल. सुरमईचा वेगळा, बांगड्याचा वेगळा. तो एका बोलीत जातो, नाहीतर तुकड्यांनी तीन-चार व्यापाऱ्यांत जातो. हिशेबनीसांना एकच प्रश्न टाकला होता : दिवसात कधीही वही उघडली तर काय खरे असलेच पाहिजे? आलेल्या अटी :

१. शिल्लक आणि विकलेले सगळे तुकडे मिळून काट्यावरचे एकूण वजन.
२. शिल्लक शून्याखाली नाही, एकूण वजनाच्या वर नाही.
३. लॉट बंद असेल तर शिल्लक शून्य. न विकलेला माल बर्फात परत गेला तर तीही एक ओळच.
४. खात्याची शिल्लक म्हणजे जमा वजा नावे.
५. लॉटची प्रत्येक विक्री त्या बोटीच्या खात्यात जमा, एकदाच.

पहिल्या चार अटी एकेका ऑब्जेक्टच्या पोटातल्या आहेत. पाचवी दोघांच्या मधली. खरे काम तिथे आहे, म्हणून ती शेवटी.

५ जून

आधी एकके. जुन्या कोडमध्ये वजन किलोत, डबल (दशांश संख्येच्या) प्रकारात. डबलमध्ये ०.१ + ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, म्हणून अट १ मधले 'बरोबर' तिथे टिकत नाही. 'फरक एक ग्रॅमपेक्षा कमी' ही पळवाटही नको : प्रत्येक ओळीत थोडा थोडा फरक साचत जातो आणि शंभराव्या ओळीला अट विनाकारण मोडते. वजन ग्रॅममध्ये, रक्कम पैशांत, दोन्ही लाँग (६४ बिटांचा पूर्णांक).

दुसरी जागा जास्त घातक. रक्कम काढणारी ओळ होती : ग्रॅम * दर / १०००. ग्रॅम आणि किलोचा दर (पैशांत) दोन्ही इंट (३२ बिटांचा पूर्णांक), उत्तर मात्र लाँगमध्ये. इंटची कमाल २१४,७४,८३,६४७. आता ५०० किलो माल ८०० रुपये दराने : ५,००,००० गुणिले ८०,००० म्हणजे ४,००० कोटी. गुणाकार इंटमध्येच होतो, वरचे बिट गळून १३४,५२,९४,३३६ उरतात, हजाराने भागल्यावर १३,४५,२९४ पैसे. चार लाख रुपयांच्या जागी १३,४५२ रुपये ९४ पैसे. उत्तर धन आहे, त्यामुळे 'रक्कम शून्याखाली नाही' ही अट मुकाट्याने पास होते. उत्तर लाँगमध्ये साठवल्याने काही फरक पडत नाही, कारण नुकसान साठवण्याआधीच झालेले असते.

ओपनजेएमएल अशा जागी कुठलाही इन्व्हेरियंट न लिहिताही अंकगणिताच्या मर्यादेची सूचना देतो. लाँग केल्यावरही ती जात नाही, कारण प्रूव्हरच्या दृष्टीने ग्रॅम कितीही असू शकतात. म्हणून मेथडच्या पूर्वअटीत (तिला कॉल करण्याआधी जे खरे हवे त्यात) मर्यादा घातली : ग्रॅम ५ कोटीपर्यंत (५० टन), दर १० लाख पैशांपर्यंत (१०,००० रुपये किलो). गुणाकार ५ वर १३ शून्यांपर्यंत जातो. लाँगमध्ये ९ वर १८ शून्ये मावतात.

कमिशनची विभागणी : ३३,३३३ पैशांचे ५ टक्के खाली कापून १,६६६, ९५ टक्के खाली कापून ३१,६६६. बेरीज ३३,३३२. एक पैसा कुणाचाच नाही. कमिशन काढायचे, मालकाचा हिस्सा वजाबाकीने ठरवायचा. मग 'दोन्ही मिळून रक्कम' ही अट गणिताच्या व्याख्येनेच खरी राहते.

७ जून

लॉटवर जेएमएल चढवले.

//@ इन्व्हेरियंट ० <= शिल्लक && शिल्लक <= एकूण;
//@ इन्व्हेरियंट स्थिती == बंद ==> शिल्लक == ०;
//@ इन्व्हेरियंट शिल्लक + (सगळ्या ओळींच्या वजनाची बेरीज) == एकूण;

फील्ड प्रायव्हेटच ठेवले, फक्त स्पेसिफिकेशनपुरते सार्वजनिक. विचारणा करणाऱ्या मेथडांवर 'प्युअर' (काहीही न बदलणारी) लावले. त्याशिवाय त्यांना अटीत वापरता येत नाही. बदल करणाऱ्या प्रत्येक मेथडवर 'असाइनेबल', म्हणजे ती काय काय बदलू शकते याची यादी (फ्रेम), लिहिले. हे न लिहिल्यास 'ही मेथड काहीही बदलू शकते' असे धरले जाते आणि एका साध्या कॉलनंतर प्रूव्हर आधी मिळवलेले सगळे विसरतो. नवख्याचा निम्मा वेळ इथे जातो : सूचना दहाव्या ओळीवर येते, गफलत चौथ्या ओळीवरच्या कॉलच्या फ्रेममध्ये असते.

नियम असा की इन्व्हेरियंट कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारा कोड) संपताना, आणि प्रत्येक बाहेरच्या मेथडच्या सुरुवातीला व शेवटी खरा हवा. मेथडच्या मध्ये तो मोडला तरी चालतो. शिल्लक कमी करणे आणि ओळ जोडणे या दोन ओळी एका क्षणात होऊच शकत नाहीत. त्या मधल्या फटीतून कोण डोकावते, यावर बाकीचे सगळे काम उभे आहे.

१० जून

गळती. विक्रीयादी() ही मेथड आतली अरेलिस्ट (वाढणारी यादी) तशीच हातात देते. अहवालाचा स्क्रीन ती घेऊन रद्द नोंदी काढून टाकतो, आणि लॉटच्या एकाही मेथडला स्पर्श न होता अट १ मोडते.

अनमॉडिफायेबल-लिस्टचे वेष्टन घातले तर बाहेरून जोडणे-काढणे थांबते. पण ती फक्त खिडकी असते : आतली यादी वाढली की बाहेरचीही वाढलेली दिसते, आणि यादीतले ऑब्जेक्ट बदलता येत असतील तर ते तसेच बदलता येतात. लिस्ट.कॉपीऑफ प्रत देते. अहवालाला प्रत, लिलावाच्या चालू फलकाला खिडकी, असे ठरवले.

उलट दिशाही तपासली : कन्स्ट्रक्टरला मिळालेली यादी तशीच साठवली होती. ज्याने दिली त्याच्या हातात तिची दोरी राहते. आत घेतानाही प्रत.

१२ जून

विक्रीच्या क्लासमध्ये वजनबदला() होती. व्यापारी स्वतःच्या काट्यावर माल पुन्हा तोलतो, पाणी निथळल्यावर दोन-तीन किलो कमी भरते, काउंटरवरून विक्रीचे वजन दुरुस्त होते. विक्रीच्या दृष्टीने काही चुकले नाही, तिचे स्वतःचे इन्व्हेरियंट शाबूत. लॉटची बेरीज मात्र गेली, आणि लॉटला त्याचा पत्ताही नाही. एका ऑब्जेक्टची अट दुसऱ्याच्या फील्डवर टेकली की असे होते. ओपनजेएमएल विक्रीची मेथड तपासताना लॉटचा इन्व्हेरियंट समोर ठेवत नाही, त्यामुळे तिथे तो काही बोलत नाही. एकेक क्लास हिरवा (सिद्ध झालेला) दिसतो आणि प्रोग्रॅम चुकीचा असतो.

उपाय वहीतलाच : खाडाखोड नाही, उलट नोंद. विक्री आता फायनल क्लास (त्याचा उपक्लास करता येत नाही), सगळी फील्ड फायनल (एकदा भरली की बदलत नाहीत). ४८० किलो बांगड्याच्या लॉटमधून २०० किलोची विक्री १९७ वर आली तर दोन नव्या ओळी : विक्री उणे ३, घट अधिक ३. एकूण ४८० ते ४८०.

यातून एक अडचण उभी राहिली. लॉट बंद झाल्यावर दुरुस्ती आली तर 'उणे ३' ची ओळ पडताच शिल्लक ३ होते, आणि बंद लॉटची शिल्लक शून्य ही अट पुढची ओळ पडेपर्यंत मोडलेली राहते. म्हणून ओळजोडा() प्रायव्हेट केली आणि तिला 'हेल्पर' लावले. हेल्परकडून इन्व्हेरियंटची अपेक्षा नसते, जे हवे ते तिच्या पूर्वअटीत आणि उत्तरअटीत उघड लिहावे लागते. बाहेरून फक्त दुरुस्ती(), जी दोन्ही ओळी एकत्र टाकते. सूचना आली की हेल्पर लावायचा, असे करू नये. हेल्पर सार्वजनिक मेथडवर गेला की इन्व्हेरियंटला अर्थ उरत नाही.

१४ जून

बेरीज. जेएमएलमध्ये बेरजेचे चिन्ह आहे, चालवून तपासताना ते उत्तम चालते, पण झेड३ त्यावर अडकतो. बेरीज म्हणजे मुळात पुनरावृत्ती, आणि सॉल्व्हर स्वतःहून आगमन (इंडक्शन) लावत नाही. ओळ जोडल्यावर 'नवी बेरीज म्हणजे जुनी अधिक नवी ओळ' हे माणसाला उघड, त्याला नाही.

पासबुकात प्रत्येक ओळीला शिल्लक छापलेली असते, तेच केले. प्रत्येक ओळीत 'चालू' हे फील्ड :

ओळ[०].चालू == ओळ[०].वजन
प्रत्येक i >= १ साठी : ओळ[i].चालू == ओळ[i-१].चालू + ओळ[i].वजन
प्रत्येक i साठी : ० <= ओळ[i].चालू && ओळ[i].चालू <= एकूण
ओळी नसतील तर शिल्लक == एकूण, नाहीतर शिल्लक == एकूण - शेवटची.चालू

आता अट फक्त शेजारच्या दोन ओळींमधली आहे. जुन्या ओळी बदलत नाहीत, नवी एकच तपासायची. प्रूव्हर शांत. यादीऐवजी आत अरे आणि संख्या ठेवली, कारण अरेलिस्टच्या स्पेसिफिकेशनमधून वाट काढण्यापेक्षा ते सोपे पडते.

चालवून तपासण्यातही फायदा. आधी ४०० ओळींच्या लॉटमध्ये प्रत्येक नव्या ओळीनंतर पूर्ण बेरीज केली तर १ पासून ४०० पर्यंत मिळून ८०,२०० बेरजा, आणि मेथडच्या आत जाताना-बाहेर येताना धरून त्याच्या जवळपास दुप्पट. आता उत्पादनातल्या तपासणीला शेवटच्या दोन ओळी पुरतात.

१८ जून

कॉलबॅक, म्हणजे ज्याला कळवले त्या कोडने उलट आपल्याच मेथडला कॉल करणे. विक्रीनोंदवा() चा जुना क्रम : शिल्लक कमी करा, ऐकणाऱ्यांना कळवा, ओळ जोडा. ऐकणारे दोन : लिलावाचा फलक आणि पावती. पावतीचा कोड शिल्लक शून्य दिसली की परत येऊन लॉटवर बंदकरा() चालवतो. त्या क्षणी शिल्लक कमी झालेली आहे, ओळ पडलेली नाही. बंद होणाऱ्या लॉटच्या सारांशात शेवटची विक्रीच नसते. चाचणीच्या बिल्डने (अटी चालवून तपासणाऱ्या आवृत्तीने) हे 'मेथडच्या प्रवेशाला इन्व्हेरियंट खोटा' म्हणून पकडले. स्थिर तपासणीत सूचना कळवण्याच्या कॉलवरच येते.

एकाच धाग्यात (थ्रेडमध्ये), कुलूप (लॉक) लावूनही हे घडते. जावाचे कुलूप त्याच धाग्याला पुन्हा आत सोडते, त्यामुळे सिंक्रोनाइज्ड (मेथडला कुलूप लावणारा शब्द) हा यावर इलाज नाही.

बार्नेट, डीलाइन, फेंड्रिक, लायनो आणि शुल्ट यांनी २००४ मध्ये मांडलेली पद्धत इथे नेमकी लागू पडते : प्रत्येक ऑब्जेक्टला 'मिटलेला की उघडा' अशी खूण. बदल करायचा तर आधी उघडायचा, मिटताना इन्व्हेरियंट तपासायचा, आणि इन्व्हेरियंट गृहीत धरणाऱ्या मेथडने 'मिटलेला' अशी पूर्वअट उघड मागायची. मग कॉलबॅकला परत येता येते की नाही हे अंदाजावर राहत नाही. जेएमएलमध्ये घोस्ट फील्ड घेऊन तेवढेच केले; घोस्ट फक्त तपासणीत असते, नेहमीच्या बिल्डमध्ये नाही.

//@ घोस्ट बूलियन मिटलेला;
//@ इन्व्हेरियंट मिटलेला ==> (वरच्या सगळ्या अटी);

कोडमधला बदल साधा : कळवणे सर्वांत शेवटी. तरीही एक खोच राहते. पहिल्या ऐकणाऱ्याने लॉट बंद केला तर दुसऱ्याला 'विक्री झाली' हा निरोप बंद लॉटबद्दल मिळतो. सगळे इन्व्हेरियंट खरे, फलकावरचा आकडा मात्र निरोपाशी जुळत नाही. म्हणून निरोपातच आकडे पाठवले. ऐकणाऱ्याने लॉटला परत विचारायचे नाही.

२० जून

अपवाद. जेएमएलमध्ये मेथड अपवादाने (एक्सेप्शनने) बाहेर पडली तरी इन्व्हेरियंट खराच हवा. कागद संपून छपाईचा अपवाद मधूनच फुटला तर अर्धी नोंद राहू शकत होती. क्रम बदलला : आधी सगळे तपासा, नवे ऑब्जेक्ट तयार करा, अरे वाढवा (मेमरी इथे संपू शकते), आणि शेवटी फक्त साध्या नेमणुका ज्या फसू शकत नाहीत. ट्राय-कॅचने (अपवाद पकडून) जुनी स्थिती परत आणणे टाळले, कारण परत आणणारा कोडही सिद्ध करावा लागतो.

२४ जून

वारसा. बर्फलॉट हा लॉटचा उपक्लास (लॉटवरून वाढवलेला क्लास), बर्फासकट तोललेल्या मालासाठी. त्याची स्वतःची अट : शुद्ध == एकूण - बर्फ. 'एकूण' वरच्या क्लासमध्ये, प्रोटेक्टेड (उपक्लासलाही हात लावता येणारे). वरच्या क्लासची फेरतोल() 'एकूण' बदलते, तिला 'शुद्ध' नावाचे काही आहे हेच ठाऊक नाही. लॉट सिद्ध करताना उपक्लास समोर नसतो. उपक्लास तपासताना वारशाने आलेली मेथड पुन्हा तपासावी लागते, नाहीतर हे निसटते. उपक्लासने वरच्याचा करार पाळायचा, हे लिस्कोव्ह आणि विंग यांनी १९९४ मध्ये नेमके मांडले. इथे भांडण उलट बाजूने आहे : वरचा खालच्याचा करार मोडतो.

फील्ड प्रायव्हेट, लॉट फायनल, आणि बर्फलॉट आता लॉटला पोटात ठेवतो. वारसा गेला, सोबत अडचणही. फेरतोल() आता फक्त एकही ओळ नसताना चालते, तशी पूर्वअट.

कन्स्ट्रक्टरही याच दिवशी. वरच्या कन्स्ट्रक्टरमधून उपक्लासने बदललेली मेथड कॉल होत होती. जावात त्या क्षणी उपक्लासची फील्ड अजून शून्य किंवा नल असतात. शिवाय कन्स्ट्रक्टर 'धिस' (बनत असलेले ते ऑब्जेक्टच) दिनवहीत नोंदवून टाकायचा, बाकी फील्ड भरण्याआधी. दोन्ही काढले. बनवणे एका स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय चालणाऱ्या) मेथडमध्ये, नोंदवणे त्यानंतर.

२८ जून

हिरव्यावर विश्वास ठेवण्याआधी. इन्व्हेरियंट एकमेकांविरुद्ध गेले तर सगळ्या मेथडा सिद्ध होतात, कारण खोट्यातून काहीही निघते. उदाहरण मुद्दाम केले : 'शिल्लक > ०' ही अट घातली आणि 'उरलेले सगळे विका' या मेथडला 'स्थिती == बंद' अशी पूर्वअट दिली. मेथड लगेच सिद्ध. विरोधी इन्व्हेरियंट कन्स्ट्रक्टरमध्ये सहसा पकडले जातात. पण कुणी वेळ वाचवायला कन्स्ट्रक्टरला तपासणीतून वगळले असेल तर तोही पहारा जातो. पूर्वअटीतला विरोध तर कन्स्ट्रक्टरला दिसतच नाही.

दोन सवयी लावल्या. प्रत्येक मेथडच्या शेवटी तात्पुरते 'असर्ट फॉल्स' (खोटेच असलेले विधान) टाकून ते पडते ना हे बघणे. ओपनजेएमएलची फीजिबिलिटी तपासणी हेच आपोआप करते. आणि कोड मुद्दाम बिघडवणे : '<=' चे '<', ओळ जोडायची विसरणे, उणेचे अधिक. बिघाड करूनही हिरवे राहिले तर स्पेसिफिकेशन पोकळ. यातूनच दिसले की ओळीतली 'रक्कम' कुठल्याच अटीत आलेली नव्हती. वजनासारखाच चालू स्तंभ रकमेलाही जोडला.

२ जुलै

लॉटांची क्रमवारी लावताना 'कंपॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट' हा अपवाद. तुलना दोन लाँगची वजाबाकी करून ती इंटमध्ये कोंबत होती. लाँग.कंपेअर लावले.

हा अपवाद देणारी जावाची क्रमवारीची पद्धत म्हणजे टिमसॉर्ट. २०१५ मध्ये 'की' (KeY) नावाच्या प्रूव्हरने तिच्यातली चूक उघडी पाडली. तिच्या आत तुकड्यांच्या लांबीचा एक ढीग असतो आणि इन्व्हेरियंट असा की प्रत्येक लांबी पुढच्या दोघींच्या बेरजेपेक्षा मोठी. दुरुस्त करणारी मेथड फक्त वरच्या तिघींकडे बघायची, खाली मोडलेली अट तशीच राहायची, आणि त्या अटीच्या भरवशावर ठरवलेली अरेची लांबी कमी पडायची. ६,७१,०८,८६४ घटकांचा अरे देऊन तो प्रोग्रॅम पाडता येत होता. इन्व्हेरियंट कॉमेंटमध्ये लिहिलेला होता. आपल्या चालू स्तंभात फक्त शेवटच्या दोन ओळी तपासणे चालते, ते जुन्या ओळी बदलूच शकत नाहीत हे वेगळे सिद्ध झाले आहे म्हणून.

५ जुलै

दोन काउंटर, एक सर्व्हर. ठरवले : लॉटचे कुलूप मोकळे असेल तेव्हा इन्व्हेरियंट खरा. मग नुसते वाचणाऱ्या शिल्लक() लाही कुलूप हवे. शिवाय जावाच्या नियमाप्रमाणे व्होलटाइल (धाग्यांमध्ये वाटून वापरायचे) अशी खूण नसलेल्या लाँगचे लिहिणे ३२-३२ बिटांच्या दोन तुकड्यांत होऊ शकते. कुलुपाशिवाय वाचणाऱ्याला अर्धा जुना, अर्धा नवा आकडा दिसू शकतो. ओपनजेएमएल धाग्यांबद्दल काही सिद्ध करत नाही. हे हाताने तपासले.

९ जुलै

पावसाळ्यात वीज जाते-येते, म्हणून डेटाबेसमधून पुन्हा भरणे नेहमीचेच. तिथे मागचे दार उघडे होते : जावाचे सीरियलायझेशन साठवलेल्या बाइटांतून ऑब्जेक्ट परत उभे करताना क्लासचा कन्स्ट्रक्टर चालवत नाही, त्यामुळे त्याने सिद्ध केलेले काहीही त्या ऑब्जेक्टला लागू नाही. आता भरण्याचा मार्ग एकच, स्टॅटिक मेथडमधून, आणि ती ओळी एकेक करून ओळजोडा() मधूनच घालते. जुळले नाही तर लॉट उघडतच नाही. कारण दाखवून बाजूला ठेवला जातो.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चेक अटी घातल्या : चालू शून्याखाली नाही, एकूणच्या वर नाही. चेक एका ओळीपुरताच असतो, दोन ओळींची सांगड तो घालत नाही. (लॉट, ओळ क्रमांक) यावर युनिक (तीच जोडी दोनदा नाही). दोन ओळींची दुरुस्ती एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही पडतात किंवा एकही नाही).

१५ जुलै

अट ५. पहिला विचार मालकीचा : दिनवहीने लॉट आणि खाती दोन्ही आपल्या ताब्यात घ्यायची, सगळे बदल तिच्यामार्फत. लॉटला हे बसते. लॉट दिनवहीतच जन्मतो, बाहेर फक्त खिडकी जाते. खात्याला बसत नाही. त्याच खात्यावर बर्फाच्या लाद्या, डिझेल, तांडेलाची उचल नावे पडते, वेगळ्या खिडकीवरून, दिनवहीला न विचारता. आणि खाते हंगामभर असते, दिनवही एका दिवसाची. एका ऑब्जेक्टला दोन मालक चालत नाहीत.

दुसरी मांडणी : 'खात्यातल्या या लॉटच्या जमांची बेरीज म्हणजे लॉटची रक्कम'. दिसायला नीट, पण नाजूक. कुणीही खात्यात एक ओळ जोडली की ती खोटी ठरू शकते.

तिसरी टिकली. खात्याला इतिहासाची अट दिली (जेएमएलचे कन्स्ट्रेंट) : जुन्या नोंदी जशाच्या तशा, नव्या फक्त शेवटी. मग दिनवहीची अट ओळीपुरती लिहिली : लॉटच्या प्रत्येक ओळीसाठी खात्यात त्याच ओळीचा हवाला असलेली, तेवढ्याच रकमेची नोंद आहे. खाते फक्त वाढते, म्हणून एकदा खरे झालेले हे विधान पुन्हा खोटे होऊच शकत नाही, मग खात्यावर कुणी काहीही नावे टाको. 'एकदाच' हा भाग खात्याचा स्वतःचा इन्व्हेरियंट : दोन नोंदींत एकच ओळ नाही. ओळीचे ऑब्जेक्ट फक्त लॉट बनवू शकतो, म्हणून भलतीच जमा घुसत नाही. लायनो आणि शुल्ट यांनी २००७ मध्ये ऑब्झर्व्हरसाठी (दुसऱ्याच्या स्थितीवर ज्याची अट टेकते अशा ऑब्जेक्टसाठी) इतिहासाच्या इन्व्हेरियंटची जी वाट दाखवली, ती हीच.

१९ जुलै

तेच डॅफ्नीत, कारण ओपनजेएमएल इतक्या ऑब्जेक्टांवर दमतो. प्रत्येक क्लासला वैध() हे प्रेडिकेट (खरे की खोटे सांगणारी अट) आणि रेप्र हा त्याच्या ताब्यातल्या ऑब्जेक्टांचा संच. मेथड वैध() मागते, रेप्र बदलते, शेवटी वैध() देते आणि रेप्रमध्ये भर पडली तर ती नवीनच ऑब्जेक्टांची. दिनवहीच्या रेप्रमध्ये लॉट आहेत, खाती नाहीत. वैध() खाती वाचते मात्र.

परिणामी दुसऱ्या खिडकीने खाते बदलले की डॅफ्नी दिनवहीचे वैध() विसरतो. ते परत मिळवायला टूस्टेट लेमा (आधीची आणि नंतरची अशा दोन स्थितींबद्दलचे छोटे प्रमेय) : जुन्या नोंदी <= नव्या नोंदी (सीक्वेन्सवर हे चिन्ह म्हणजे 'आरंभीचा भाग') असेल आणि दिनवहीच्या रेप्रमधले काही बदलले नसेल, तर वैध() कायम. लेमाचे शरीर जवळजवळ रिकामे. अट ५ ओळीपुरती लिहिल्याचे हे फळ.

बेरजेचे फंक्शन समोरून सोलले, म्हणजे पहिली ओळ अधिक उरलेल्यांची बेरीज, तर शेवटी ओळ जोडल्यावर आगमनाचा लेमा लागतो. मागून सोलले तर एक असर्ट पुरते : (ओळी + [नवी]) मधली नवी वगळली की ओळीच उरतात. सीक्वेन्सची ही समानता त्याला उघड सांगावी लागते, स्वतःहून सुचत नाही.

२६ जुलै

काउंटरवर काय जाते : नेहमीचे बिल्ड, पण लॉट बंद करताना आणि डेटाबेसमधून भरताना तपासा() नेहमी चालू. ती साधी मेथड आहे. जावाचे असर्ट मुळात बंद असते आणि '-ईए' हा पर्याय दिल्याशिवाय चालत नाही, म्हणून त्यावर भिस्त नाही. सरावाच्या काउंटरवर पूर्ण तपासणीचे बिल्ड. मागच्या हंगामातले लॉट त्यावर पुन्हा चालवायचे.

३० जुलै

उरलेले : घटीची कमाल किती टक्के, हे संस्थेने ठरवायचे, तोवर अट फक्त 'घट त्या विक्रीपेक्षा जास्त नाही' एवढीच. छपाईचा क्लास तपासणीबाहेर. ओपनजेएमएल आणि झेड३ यांची आवृत्ती बिल्डमध्ये पक्की बांधली, कारण झेड३ बदलला की आज सिद्ध होणारी मेथड उद्या वेळ संपून पडू शकते. वेळ संपणे म्हणजे अट खोटी असे नव्हे. बिल्डने दोन्ही वेगळे दाखवायचे, आणि दोन्ही वेळा थांबायचे.